गारपीट, दशमांश आणि देवाचा इशारा: एका द्राक्ष बागायतदाराच्या प्रश्नाला उत्तर

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुमचा प्रश्न इतरांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. मार्चअखेरीच्या वादळात कवठेमहांकाळजवळची तुमची दोन एकर बाग मांडवासकट बसली आणि शेडवर टाकलेला बेदाणा भिजून काळा पडला. पुढच्याच आठवड्यात घरगुती प्रार्थनासभेला बाहेरगावाहून आलेल्या उपदेशकांनी बायबलमधले मलाखी संदेष्ट्याचे पुस्तक उघडले आणि सगळ्यांदेखत सांगितले की ही गारपीट म्हणजे देवाने तुम्हाला दिलेला इशारा आहे. कारणेही दिली: बँकेचे हप्ते भागवताना वर्षभर दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणे, थांबवलात, आणि चुलत्यांच्या घरी गणपतीच्या आरतीला उभे राहिलात. तेव्हापासून आभाळ भरून आले की आई जेवत नाहीत, रात्रभर दिवा लावून बसतात. हे खरे मानायचे का आणि आईला काय सांगायचे, असे तुम्ही विचारले आहे.

मिरज-सांगली भागात पाळक म्हणून बरीच वर्षे सेवा करतो आहे. पूर्व भागातल्या अवकाळीनंतर, कृष्णेच्या पुरानंतर, हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी माझ्यापर्यंत आला आहे. माझे उत्तर आधी सांगून टाकतो, मग कारणे देतो. देव वादळातून बोलू शकतो हे मी मानतो. पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला ते नाकारता येत नाही. पण तुमच्या बागेवर पडलेल्या गारा पाहून तुमचे पाप कोणते हे सांगण्याचा अधिकार त्या उपदेशकांना नाही, मलाही नाही. शास्त्र तो अधिकार कोणाला देत नाही, आणि जे तो आपल्याकडे घेतात त्यांना ते खडसावते.

काही गोष्टी मात्र समोरासमोर बसल्याशिवाय मला कळणार नाहीत. बाग बसली त्या रात्री, उपदेशक येण्याच्या आधी, तुमच्या मनाला काही टोचत होते का? की टोचणी त्यांच्या बोलण्यानंतर लागली? आईंची भीती नवी आहे की जुनी? तुमची मंडळी, म्हणजे चर्च, कोणत्या परंपरेतली आहे? जुन्या मिशनच्या मंडळ्या, कॅथोलिक, पेंटेकॉस्टल, या सगळ्यांत देवाच्या कारभाराविषयी बोलण्याची रीत वेगळी असते. आम्हा प्रेस्बिटेरियन वळणाच्या लोकांवर ज्याची छाप आहे तो सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन तर म्हणत असे की देवाच्या आज्ञेशिवाय पावसाचा एक थेंबही पडत नाही. पण देवाची कारणे बहुतेक वेळा आपल्यापासून झाकलेली असतात, हेही त्यानेच बजावले आहे. उपदेशात पहिले वाक्य ऐकू येते, दुसरे गळून जाते.

आता शास्त्राकडे. गारांचे नाव काढले की सगळ्यांना निर्गमाचा नववा अध्याय आठवतो, मिसर (इजिप्त) देशावरची गारपीट. तो अध्याय तुम्ही शेतकऱ्याच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा. गारा पडण्याच्या आदल्या दिवशी मोशे मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहतो आणि सांगतो की उद्या या वेळेस गारा पडतील. लगेच पुढे सांगतो की माणसे पाठव, तुझी गुरेढोरे आणि शेतात असलेले सगळे आत आणून घे. फारोच्या चाकरांपैकी ज्यांनी हे शब्द मनावर घेतले त्यांनी आपले गडी आणि जनावरे घरात आणली. ज्यांनी घेतले नाहीत त्यांची रानात राहिली. पुढे पिकांची नोंदसुद्धा आहे: जवस आणि सातू मार खाऊन गेले कारण ते ऐन भरात होते, गहू वाचला कारण तो मागास होता. कृषी सहायकाने पंचनाम्यात लिहावे तसे हे लिहिले आहे.

इशारा म्हणतात तो हा. तो आधी येतो, शब्दांत येतो, काय करायचे ते सांगतो, आणि ऐकणाऱ्याला जनावरे आत घ्यायला वेळ देतो. शमुवेल संदेष्ट्याचेही तसेच. गव्हाच्या कापणीच्या दिवसांत, पाऊस नसतो अशा वेळी, तो लोकांना आधी सांगतो की मी आता परमेश्वराकडे गर्जना आणि पाऊस मागतो, मग आभाळ गडगडते. लोक भेदरतात. त्यांना भेदरलेले पाहून शमुवेल पहिली गोष्ट कोणती बोलतो? भिऊ नका. आणि मग म्हणतो की तुमच्यासाठी प्रार्थना करणे सोडले तर ते माझेच पाप होईल. ज्याच्या तोंडून वादळ आले त्याने लोकांची भीती उतरवली आणि त्यांचा भार स्वतःवर घेतला.

तुमच्याकडे काय झाले? गारा आधी पडल्या, अर्थ आठवड्याने आला. बेदाणा काळा पडल्यावर कोणी येऊन 'हा इशारा होता' म्हणत असेल, तर ज्याच्यापासून सावध होता आले असते ते आधी कोणी सांगितले होते का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. झालेल्या नुकसानीला मागाहून चिकटवलेला अर्थ शास्त्रातल्या इशाऱ्यांच्या रांगेत बसत नाही. शिवाय त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. गारा पडत असताना फारो म्हणतो, मी पाप केले. गारा थांबल्या की त्याचे मन पुन्हा कठीण होते. भीतीने घडवलेला पश्चात्ताप आभाळ स्वच्छ होईपर्यंत टिकतो. आईंना रात्रभर जागवून त्या उपदेशकांनी काय मिळवले, याचा विचार त्यांनीही करायला हवा.

योनाची गोष्ट तर रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ असते, पण एक बाब आपण नजरेआड करतो. शास्त्रात एका ठराविक माणसाच्या पापामुळे आलेले वादळ शोधायला गेलात तर ते हे सापडते. त्या वादळात दोषी कोण होता? देवाचा संदेष्टा योना, जो निनवे शहराला इशारा द्यायला जाण्याऐवजी पळाला होता. जहाजावरचे परदेशी खलाशी, आपापल्या देवांना हाका मारणारे, त्याला वाचवायला जिवाच्या आकांताने वल्ही मारत होते. आणि ज्या निनवेला खरोखर इशारा द्यायचा होता तिच्यावर वादळ आलेच नाही. तिथे देवाने शब्द पाठवला. म्हणून मी स्वतः व्यासपीठावर उभा राहतो तेव्हा लक्षात ठेवतो की वादळाचा अर्थ लावायचाच झाला, तर शास्त्राने तो आधी उपदेशकाला लावला आहे.

मलाखीकडे जास्त वेळ देऊया, कारण तुमच्या जिव्हारी तेच लागले आहे. तिसऱ्या अध्यायात लिहिले आहे की सगळा दशमांश भांडारात आणा म्हणजे मी खाऊन टाकणाऱ्याला धमकावीन, आणि तुमच्या द्राक्षवेलीचे फळ अकाली गळणार नाही. द्राक्षवाल्या माणसाला हे वाक्य ऐकवले तर तो हलणारच. पण हे पुस्तक सुरू कोठून होते ते बघा. पहिल्या दोन अध्यायांतले बरेचसे खडे बोल याजकांना आहेत: आंधळी, लंगडी जनावरे वेदीवर चढवणाऱ्या, लोकांना चुकीच्या वाटेला लावणाऱ्या याजकांना. तिसऱ्या अध्यायात दशमांशाच्या जरा आधी, पाचव्या वचनात, देव म्हणतो की मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर, विधवा आणि पोरक्यांना पिळणाऱ्यांवर, परक्याला लोटून देणाऱ्यांवर मी साक्षीदार म्हणून येईन. मग नवव्या वचनात म्हटले आहे की सगळे राष्ट्रच मला ठकवत आहे. राष्ट्राला केलेला तो बोल दोन एकरांच्या एका बागेवर नेमका आणून ठेवायचा आणि पाचवे वचन वाचायचेच नाही, हे मला मान्य नाही.

आणि तो दशमांश जात कोठे होता? बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात लिहिले आहे: दर तीन वर्षांनी तो आपापल्या गावातच साठवायचा, आणि ज्याला जमिनीचा वाटा नाही असा लेवी, परका, पोरका, विधवा यांनी येऊन पोटभर खायचे. अडलेल्याला हात देण्यासाठी ही व्यवस्था होती. यंदा तुमच्या गावात अडलेला कोण आहे? तुम्ही आहात. मंडळीचा निधी ज्या वर्षी तुमच्याकडे यायला हवा, त्याच वर्षी तुम्हाला थकबाकीदार म्हणून उभे करणे हे त्या नियमाच्या उलट आहे. बँकेचा हप्ता चुकवून दशमांश द्या असे मी माझ्या मंडळीत कोणाला सांगत नाही. घेतलेले कर्ज फेडणे हाही प्रामाणिकपणा आहे. हात मोकळा झाला की मनापासून द्या.

हाग्गयाच्या दुसऱ्या अध्यायातही गारा आहेत, आमोसाच्या चौथ्यात एका शेतावर पाऊस आणि दुसऱ्यावर कोरड आहे. कोणी ही वचने तुमच्यापुढे ठेवली तर गोंधळू नका. तीही सगळ्या लोकांशी बोलतात, आणि बोलणारा संदेष्टा त्या काळी हयात असताना, त्याच लोकांत राहून बोलतो. आमोस तर ज्या अन्यायासाठी बोलतो तो त्याने नावानिशी सांगितला आहे: गरिबाला चिरडणे, खोटी मापे, लाच खाऊन न्याय फिरवणे.

तुम्हाला सगळ्यात जवळचे पुस्तक मात्र ईयोबाचे आहे. ईयोबाची मुले जेवायला बसली असताना रानाकडून मोठा वारा येतो, घराच्या चारही कोपऱ्यांना धडकतो, घर कोसळते. त्याच्या आधी वीज पडून मेंढरे आणि चाकर जळतात, आणि बातमी आणणारा गडी म्हणतो, 'देवाचा अग्नी पडला.' त्या बिचाऱ्याला तसेच वाटले. पण वाचणाऱ्याला पहिल्या अध्यायातच कळलेले असते की या माणसाच्या पापाचा त्याच्याशी काही संबंध नाही. देव स्वतः त्याला निर्दोष म्हणतो. पुढे तीन मित्र येतात. सात दिवस ते गप्प बसतात, आणि तेवढेच त्यांचे बरोबर होते. मग तोंड उघडतात. बिल्दद तर मुले गमावलेल्या बापाला सांगतो की तुझ्या मुलांनी पाप केले असेल म्हणून ती गेली. शेवटी देव वावटळीतून बोलतो, ईयोबाचे एकही पाप काढत नाही, आणि मित्रांवर मात्र रागावतो: तुम्ही माझ्याविषयी योग्य ते बोलला नाहीत. त्यांची क्षमा ईयोबाच्या प्रार्थनेवर ठेवली जाते. दुःखातल्या माणसाच्या घरी जाताना मी हा बेचाळिसावा अध्याय मनात ठेवतो.

येशूसमोरही हा प्रश्न आला होता. लूकाच्या तेराव्या अध्यायात लोक त्याला रोमी सुभेदार पिलाताने मारलेल्या गालीलकरांची बातमी सांगतात. तो स्वतःहून दुसरी घटना काढतो: शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली. ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असे तुम्हाला वाटते का? आणि स्पष्ट उत्तर देतो: नाही. मग ऐकणाऱ्यांकडे वळून म्हणतो, पण तुम्ही पश्चात्ताप करा. बघा, मेलेल्यांचा हिशेब तो बंद करतो आणि प्रत्येकाने आपला स्वतःचा उघडावा म्हणतो.

आपल्याकडे 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले. मारुती चौक, गणपती पेठ पाण्याखाली गेली. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी नाव उलटली. त्या नावेत बायका होत्या, लेकरे होती, जीव वाचवायला निघालेली माणसे होती. तेव्हाही काही जण सांगत फिरत होते की सांगलीच्या पापांचा घडा भरला. मी त्यांना विचारी, काठावर राहिलेल्यांपेक्षा नावेत चढलेली माणसे जास्त पापी होती का? येशूने हो म्हटले नाही, तर आपण कोण म्हणणार? आणि अशा बोलण्याने आणखी एक नुकसान होते. पूररेषेत बांधकामे कोणी केली, ओढे-नाले कोणी बुजवले, धरणांतून पाणी कधी आणि किती सोडले, हे प्रश्न मागे पडतात. सगळे देवावर ढकलले की माणसांना जाब विचारायचा राहतो. संदेष्ट्यांनी तर माणसांनाच जाब विचारला.

वादळाचा नैतिक अर्थ लावण्याची ओढ ख्रिस्ती इतिहासात जुनी आहे. 1703 च्या नोव्हेंबरात इंग्लंडवर एक भयंकर वादळ आले, हजारो माणसे, विशेषतः दर्यावर्दी, मेली. ॲन राणीने जानेवारी 1704 मध्ये देशभर उपासाचा दिवस पाळायला लावला आणि व्यासपीठांवरून राष्ट्राच्या पापांवर उपदेश झाले. त्या वादळात इंग्लंडमधल्याच वेल्स (Wells) या गावी धुराडे कोसळून बिशप रिचर्ड किडर आणि त्यांची पत्नी बिछान्यातच गेली. ज्यांना गारा आणि वारे पाहून पापाचा पत्ता सांगायचा असतो त्यांनी बिशपांच्या त्या खोलीसमोर जरा थांबावे. आपल्या देशातही हे झाले. 15 जानेवारी 1934 च्या बिहार भूकंपाला गांधीजी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणाले. अस्पृश्यता हे पाप आहे यात मला तिळमात्र शंका नाही. तरी रवींद्रनाथ टागोरांनी त्यांना उघड विरोध केला. एक मुद्दा असा की हेच हत्यार विरोधकही उचलतील आणि भूकंपाचे खापर गांधीजींच्याच चळवळीवर फोडतील. गांधीजींनी तो विरोध आपल्या साप्ताहिकात छापला, हा त्यांचा मोठेपणा. टागोरांचा मुद्दा आजही तसाच उभा आहे: आभाळातून तुम्हाला हवे ते पाप वाचता येते, आणि तुमच्या शत्रूलाही.

मग देव वादळात माणसाशी बोलतच नाही का? बोलतो. 2 जुलै 1505 ला विजांच्या कडकडाटात सापडलेल्या मार्टिन ल्यूथरने (पुढे हाच मोठा धर्मसुधारक झाला) जीव वाचला तर मठवासी होईन असा नवस केला आणि पाळला. त्याच्या वडिलांना मात्र शंका होती की हा देवाचा आवाज की नुसता भास. ल्यूथरने पुढे ती शंका स्वतःच लिहून ठेवली. जॉन न्यूटन हा इंग्रज खलाशी 1748 च्या मार्चमध्ये अटलांटिकवरच्या वादळात देवाकडे वळला. पण त्यानंतरही 1754 पर्यंत तो गुलामांच्या व्यापाराच्या जहाजांवर होता, कप्तान म्हणूनही. त्या व्यापाराविरुद्ध त्याने जाहीरपणे लिहिले ते 1788 मध्ये. वादळाने त्याला हादरवले. पाप ओळखायला त्याला वचन, माणसे आणि कित्येक वर्षे लागली. शेजारच्या जहाजावरच्यांना त्या वादळात काय ऐकू यायला हवे होते हे न्यूटनने सांगितले नाही. साक्ष त्याची स्वतःची होती.

म्हणून कोणी माझ्याकडे येऊन स्वतः म्हणाले, 'पास्टर, त्या रात्री देव माझ्याशी बोलला', तर मी ते झटकून टाकत नाही. मी विचारतो, काय बोलला? बहुतेक वेळा उत्तर फार साधे असते. भावाशी बोलणे बंद आहे. मजुरांचे पैसे दिवाळीपासून द्यायचे आहेत. दारू. त्या माणसाला ते आधीपासून ठाऊक असते. रात्रीच्या भीतीने फक्त त्यावरचे झाकण निघते. तसे असेल तर मी म्हणतो, उद्या सकाळी जाऊन मजुरांचे पैसे दे. गारा कोणी पाठवल्या याचा निवाडा लागेपर्यंत थांबायची गरज नाही; मजुरी देणे गारा न पडताही बरोबरच होते. याउलट दुसऱ्याने येऊन अर्थ लावला असेल, तो पैशांशी किंवा त्याच्या सभेतल्या हजेरीशी जोडलेला असेल, आणि ऐकून माणूस देवाजवळ जाण्याऐवजी नुसता थरथरत असेल, तर मी सावध होतो.

तुमच्या बाबतीत हीच परीक्षा लावा. त्या रात्री तुमचे मन स्वतः काही म्हणत होते का, ते एकट्याने प्रार्थनेत पाहा. काही सापडले तर त्याचे जे करायचे ते करा. नाही सापडले तर शोधत बसू नका. आरतीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो गारांपासून वेगळाच ठेवा. चुलत्यांच्या घरी नाते सांभाळून कोठवर जायचे, हे आपल्या गावांत राहणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती घराला ठरवावे लागते. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातले आठ ते दहा हे अध्याय, मूर्तीला वाहिलेल्या अन्नाविषयीचे, घेऊन आपण कधी तरी शांतपणे बसू. विवेकाचा प्रश्न विवेकाने सोडवायचा असतो, बागेच्या राखेवर उभे राहून नाही.

गारा येतात कशा, तेही थोडक्यात सांगतो, कारण आईंना कदाचित याचा उपयोग होईल. मार्च ते मे या दिवसांत रान तापते, समुद्रावरून दमट हवा येते, आणि दुपारनंतर ढग उंच चढत जातात. त्यातला वर जाणारा जोरदार वारा पाण्याचे थेंब गोठणाऱ्या थंडीत नेतो, त्यांच्यावर बर्फाचे थर चढतात, आणि वाऱ्याला पेलवेनासे झाले की ते खाली येतात. गारांचा पट्टा कित्येकदा अरुंद असतो. म्हणून बांधाच्या अलीकडची बाग बसते आणि पलीकडची वाचते. मी अशा रानांतून गेलो आहे: अँगल वाकलेले, तारा जमिनीला टेकलेल्या, पायाखाली फुटलेल्या मण्यांचा चिकट थर आणि सगळीकडे आंबूस वास, आणि बांधावरून पलीकडे पाहावे तर घड जागच्या जागी. पलीकडचा माणूस कधी नियमित चर्चला येणारा असतो, कधी चर्चचे तोंडही न पाहिलेला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर महाराष्ट्रातल्या कित्येक जिल्ह्यांत गारपीट झाली. त्या पट्ट्यात सर्व धर्मांची, सर्व तऱ्हांची माणसे होती. वाऱ्या-ढगांची कारणे सांगितल्याने देव कमी होत नाही. 148 वे स्तोत्र अग्नी, गारा, बर्फ आणि तुफान वारा या सगळ्यांना देवाची स्तुती करायला बोलावते. ते त्याचे आहेत, आणि त्यांची वाट त्यानेच घालून दिली आहे.

आधी येणारे इशारे आज आपल्याकडे आहेत, ते मात्र मनावर घ्या. हवामान खात्याचा अंदाज रोज पाहा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप मोबाइलवर घ्या. जवळपास वीज पडण्याची शक्यता असली तर ते सांगते. वीज कडाडू लागली की मांडवातून बाहेर या, लोखंडी तारांपासून आणि झाडांपासून लांब राहा, पक्क्या घरात जा. नदीकाठच्या नातेवाइकांना सांगा की आयर्विन पुलाजवळ 40 फुटांना इशारा पातळी आणि 45 ला धोका पातळी धरतात. पाणी 40 कडे जाऊ लागले की सामान आणि जनावरे हलवायला काढावीत. फारोच्या ज्या चाकरांनी गुरे आत घेतली त्यांनी हेच केले होते.

आता आई. त्यांच्याशी वाद घालू नका. 'देव असा नाही' हे ऐकवून रात्री दोनला भीती जात नाही. ढग आले की त्यांच्याजवळ बसा, एकत्र बसून काही तरी खा, आणि मार्काच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट मोठ्याने वाचा. नावेत पाणी भरते आहे, शिष्य ओरडतात, 'गुरुजी, आम्ही बुडतो याची तुला काळजी नाही का?' येशू आधी वारा शांत करतो, मग त्यांच्या विश्वासाविषयी बोलतो. हा क्रम लक्षात घ्या. बुडणाऱ्याला त्याने आधी उपदेश केला नाही. त्या नावेत वादळ आले तेव्हा तो स्वतःच तिच्यात होता, हेही आईंना सांगा. दोन-तीन आठवडे होऊनही झोप आणि जेवण सुधारले नाही, छातीत धडधड, घाम, असे काही असेल, तर त्यांना डॉक्टरांकडे न्या, गरज पडल्यास मानसोपचार तज्ज्ञांकडे. काही जणांना हे विश्वास कमी पडल्यासारखे वाटते. माझे म्हणणे त्यांना एवढेच असते की मिरजेत मिशनच्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात इस्पितळ उभारले ते याच विश्वासातून. जन्मांध माणसापाशी शिष्यांनी पाप कोणाचे हे विचारले, तेव्हा येशूने कोणाचेच नाही म्हणून चिखल कालवला आणि त्याचे डोळे बरे केले.

बाकीची कामे तातडीची आहेत. तलाठी आणि कृषी सहायकांकडून पंचनामा झाला आहे का, त्यावर तुमचे क्षेत्र नीट लिहिले आहे का, ते पाहा. विमा असेल तर नुकसानीची सूचना 72 तासांत द्यायची असते. ती गेली असेल तर पोच सांभाळून ठेवा, गेली नसेल तर आजच कृषी कार्यालयात जाऊन पुढे काय करता येते ते विचारा. बँकेत जाऊन हप्त्यांचे पुनर्गठन मागा, लेखी मागा. आणि तुमच्या पाळकांना सांगा की मंडळीच्या मदतनिधीतून यंदा तुम्हाला हात हवा आहे. हे सांगायला लाजू नका.

ते उपदेशक पुन्हा आले तर त्यांचा अपमान करू नका. त्यांनी कदाचित मनापासूनच म्हटले असेल. पण सभेतच, सर्वांसमोर, विनंती करा की मलाखीचा तिसरा अध्याय पाचव्या वचनापासून वाचावा, आणि मग आईंसाठी प्रार्थना करावी.